मिनूबरोबर पाँपेईला

११ मार्च १९८४, रविवार. वेस्ट विंडसर
मिनूने आज पुन्हा ब्रेड केला. लॅटिनच्या वर्गाच्या प्रोजेक्टसाठी. रोमन लोक करायचे तसा, गोल, वरून सुरीने भाग पाडलेला. घरभर वास. अरुणने उभ्याउभ्याच दोन तुकडे खाल्ले, लोणी लावून. मी एक. मिनू ओट्याला टेकून आम्ही कसं खातो ते बघत होती.
"तू घे ना."
"आय हॅड सम व्हाइल बेकिंग."
मी सगळा वेळ स्वयंपाकघरात होते. तिने काही खाल्लं नाही. बोटाला लागलेलं पीठसुद्धा नळाखाली धुतलं.
आणखी एक. तिच्या बाथरूमच्या कपाटातलं पॅड्सचं खोकं. ख्रिसमसच्या सेलमध्ये आणलेलं. अजून उघडलेलंच नाही.

१४ मार्च, बुधवार
अरुणशी बोलले. पॅड्सचंही सांगितलं. म्हणाला, ट्रॅक टीममध्ये पळणाऱ्या मुलींचं होतं असं, कॉमन आहे. "सोळाव्या वर्षी मुली अशाच असतात. ए ग्रेड्स येतायत, पळतेय, ब्रेड भाजतेय. तुला आणखी काय पाहिजे?"
दिवसभर हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल देऊन आलेला माणूस. डॉक्टर तो आहे, मी नाही. मी लॅबमध्ये काचेच्या प्लेट्समध्ये काय उगवलं ते बघते.
पण बघणं हेच माझं काम आहे की नाही?

१९ मार्च, सोमवार
मिसेस हॅलोरन, मिनूच्या लॅटिनच्या बाई, यांचा फोन. वर्गाची इटलीची ट्रिप आहे स्प्रिंग ब्रेकमध्ये. रोम, मग ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पाँपेई. मुलींबरोबर जाणाऱ्या एका आईचा पाय मोडला, तुम्ही याल का? मी लॅबमध्ये सुटी न विचारताच हो म्हटलं.
मिनूला कळलं तेव्हा तिने खोलीचं दार आपटलं. मग दार उघडून, "यू डोन्ट इव्हन लाइक रुइन्स!"
खरंय. मला पडक्या भिंतींत रस नाही. मला तिच्यापासून नऊ दिवस लांब राहायची भीती वाटते.

७ एप्रिल, शनिवार
पाडवा आज साजरा केला. चर्चच्या खालचा हॉल, नेहमीचाच. मिनू वाढायला पुढे. काकूंना पुरी, काकांना श्रीखंड, म्हाताऱ्यांना पाणी. सगळे खूष. नंदाताईंनी तिच्या दंडाला धरून सगळ्यांसमोर, "किती छान बारीक झालीस गं! आमच्या शिल्पाला दे काहीतरी सल्ला!"
मिनूच्या चेहऱ्यावर केवढा आनंद आला. बक्षीस मिळाल्यासारखा.
तिच्या ताटात श्रीखंड एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं, एवढंच. पुरी नॅपकिनखाली. अंगात जाड स्वेटर. हॉलमध्ये बाकीचे वारा घेत होते.
गाडीत मी म्हटलं, पुरी का टाकलीस. ती खिडकीबाहेर बघत. अ. म्हणाला, "सणाच्या दिवशी नको."

१५ एप्रिल, रविवार. रोम
पोहोचलो. विमानात सगळ्या मुली झोपल्या, मिनू ताठ बसून. ट्रेवरचा कागदसुद्धा काढला नाही. एअर होस्टेसने विचारलं तर म्हणाली, मी आजारी आहे. मला म्हणाली, मी व्हेजिटेरियन आहे. ताटात भात होता.
पाय दुखतायत. नवे बूट आणायला नको होते.

१६ एप्रिल, सोमवार. रोम
मुलींना दिवसभर फिरवलं. काय काय बघितलं ते विकत घेतलेल्या पोस्टकार्डांवरून नंतर जुळवीन. मी खांब बघत नाही, एक निळा स्वेटर बघते. गर्दीत दिसेनासा झाला की घाम फुटतो.
ज्युली, मिनूची खोलीतली जोडीदार, नाश्त्याच्या वेळी माझ्याजवळ आली. चांगली पोर आहे, पण घाबरलेली. म्हणाली, मिनू पहाटे उठून बाथरूमच्या फरशीवर व्यायाम करते. खूप वेळ. "प्लीज डोन्ट टेल हर आय टोल्ड यू."
नाही सांगणार. पण मग करू काय?

१७ एप्रिल, मंगळवार. सोरेंटो
बसने खाली आलो. वाटेत नेपल्सच्या म्यूझियममध्ये थांबलो. पाँपेईत सापडलेल्या वस्तू इथे ठेवल्यात. एका काचेच्या पेटीत पाव. काळा ठिक्कर, कोळसा झालेला, पण आकार जशाच्या तसा. मिनू करते तसाच. ती काचेला नाक लावून उभी. बाकीच्या पुढे गेल्या तरी हलेना. मी हाक मारली. मागे वळून हसली, अगदी लहानपणीसारखी. "आई, लुक! आय गॉट इट एक्झॅक्टली राइट."
त्या हसण्यामुळे मी दुपारभर बरी होते. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने स्पॅगेटीचे सुरीने बारीक बारीक तुकडे केले आणि सगळे ताटात ठेवून उठली.
उद्या पाँपेई. तिथल्या बेकरीवर तिला बोलायचंय. तिनेच मागून घेतलेला विषय.

१८ एप्रिल, बुधवार. सोरेंटो
मिनू झोपलीय. आत्ताच लिहिते, उद्या सगळं एकमेकांत मिसळेल.
सकाळी पाँपेई. लख्ख ऊन, मागे ज्वालामुखीचा डोंगर, अगदी गरीब दिसणारा. मोठमोठ्या दगडांचे रस्ते, त्यांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड ठेवलेले, म्हणजे पाय चिखलात जात नाहीत. निम्म्या घरांना कुलपं, लोखंडी पाइपांचे टेकू. इथे मध्यंतरी भूकंप झाला, तेव्हापासून दुरुस्ती चाललीय. सावलीत कुत्री झोपलेली. खरं सांगायचं तर मला आवडायला लागलं होतं. एका कोपऱ्यावर दगडी ओटा, त्यात गोल भोकं, भोकांत रांजण पुरलेले. मिसेस हॅलोरन म्हणाल्या, इथे तयार जेवण विकायचे, कितीतरी लोकांच्या घरी चूलच नव्हती. मी लगेच मिनूकडे पाहिलं. हल्ली जेवणाचा शब्द निघाला की मी तिच्याकडेच बघते. तिलाही ते कळतं.
मग बेकरी. उघड्या अंगणात काळ्या दगडाची जाती, माझ्या खांद्याएवढी, वरचा दगड डमरूसारखा. मागे विटांची भट्टी. मिनू पुढे उभी राहिली. हातात कागद नाही. गाढवांना डोळे बांधून जात्याला जुंपायचे. गहू वरून ओतायचे. शेवटच्या दिवशी एका भट्टीत घातलेले पाव तसेच राहिले, काढायला कोणी आलं नाही. आवाज स्वच्छ, न अडखळता. आमच्या मागे एक जर्मन कुटुंब येऊन उभं राहिलं, तेही ऐकत होतं. टाळ्या झाल्या. तेवढा वेळ मी सगळं विसरले. वाटलं, अ. हवा होता.
मग जेवणाच्या पिशव्या वाटल्या. स्टेडियमसारखी मोठी गोल रचना आहे तिथे, गवतावर. मिनूने आपलं सँडविच कुत्र्याला दिलं. आणि पायऱ्या चढायला लागली. वर, खाली. पुन्हा वर. बाकीच्या खातायत, हसतायत.
"मिनू, बस आता."
"आय ऍम जस्ट लुकिंग!"
परत निघालो. ती माझ्या पुढे. रस्त्यातल्या त्या उंच दगडावर थांबली. मला वाटलं फोटोसाठी. एक हात बाजूला केला, धरायला काही असल्यासारखा. तिथे काही नव्हतं.
हनुवटी दगडावर आपटल्याचा आवाज. तो जात नाही कानातून.
धावले. डोकं मांडीवर घेतलं. रक्त, स्वेटरवर, माझ्या साडीवर. ज्युली रडायला लागली. एक पहारेकरी ओरडत आला, दुसऱ्याने कुठून तरी खुर्ची आणली. कॅफेतली बाई पेल्यात लिंबू-साखरेचं पाणी घेऊन पळत आली. मी चमचा मिनूच्या ओठांना लावला. डोळे अर्धे उघडे, आपण कुठे आहोत तेही तिला ठाऊक नव्हतं. पण साखर जिभेला लागली आणि तिने ओठ मिटून घेतले. घट्ट.
"नो शुगर."
शुद्धीवर येताना पहिला शब्द आई नाही. नो शुगर.
खुर्चीत बसवायला मी तिला उचललं. मी. एकटीने. मला जोरच लावावा लागला नाही.
गावातल्या दवाखान्यात टाके घातले. म्हातारे डॉक्टर. तिची छाती बराच वेळ तपासत राहिले, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. इंग्रजी येत नव्हतं. पाची बोटं जुळवून तोंडापाशी नेली. जेवण. आपण करतो अगदी तसंच. आणि मग नकारार्थी मान हलवली.

१८ एप्रिल, पुढे
अ.ला फोन लावला. हॉटेलच्या काउंटरवरून, सगळ्यांसमोर, मराठीत, म्हणून मोकळेपणी बोलले. आधी त्याचं नेहमीचं, उन्हात पाणी प्यायली नसेल. मग विचारलं, नाडी किती? मी मोजून ठेवली होती, फारच कमी. सांगितली.
"परत मोज."
"तीनदा मोजलीय, अरुण."
मग म्हणाला, "तिला दे."
मिनू खाली आली होती, हनुवटीला पट्टी. "हाय बाबा. आय फेल, दॅट्स ऑल." त्याने काय विचारलं ते ऐकू आलं नाही. तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि मला परत दिला. पलीकडून तो अजून विचारत होता, "आज काय खाल्लंस, बाळा? काय खाल्लंस?"

१९ एप्रिल, गुरुवार
मिसेस एच. सकाळी गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी एक शब्द सांगितला. अ‍ॅनोरेक्सिया. त्यांच्या बहिणीच्या मुलीला झालाय, खायचीच भीती बसते. हा आजार आहे, नखरे नाहीत, रागावून जात नाही. आणि सांगितलं की मिनू शाळेत डबा रोज वाटून टाकते. हिवाळ्यापासून.
"हिवाळ्यापासून तुम्हाला माहीत होतं?"
त्या म्हणाल्या, वाटलं तुमच्याकडे उपास वगैरे असतील. बोलले तर तुम्हाला राग येईल.
मला राग आलाच. इतका की उठून गेले. उपास! पोर वाळत चाललीय आणि त्यांना उपास वाटला.
दुपारी परत गेले त्यांच्याकडे. शब्दाचं स्पेलिंग विचारलं.

२० एप्रिल, शुक्रवार
मिसेस एच. मुलींना घेऊन ज्वालामुखी बघायला गेल्या. मिनूला बंदी. ती माझ्याशी बोलत नव्हती. आम्ही दोघी गच्चीवर, खाली समुद्र. मी म्हटलं, केस विंचरून देऊ? आश्चर्य म्हणजे हो म्हणाली. माझ्यापुढे फरशीवर बसली. कंगव्यात केसच केस आले. मी मुठीत लपवले.
"आय नो, आई. तुला वाटतं मला दिसत नाही?"
मग पाठमोरीच बोलायला लागली. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. सकाळी डोळे उघडले की आधी खाण्याचाच हिशेब सुरू होतो, लॅटिन वाचताना, पळताना, कधी थांबतच नाही. ब्रेड करते कारण करताना तरी हातात धरता येतो. "इफ आय ईट, आय डोन्ट नो व्हॉट विल हॅपन."
"काय होईल?"
"आय डोन्ट नो! म्हणूनच तर."
मी म्हटलं, घरी गेल्यावर डॉक्टरांकडे जायचं. बाबांकडे नाही, दुसऱ्या. ती म्हणाली मग ट्रॅक बंद, कॉलेजचे फॉर्म बंद, सगळ्या काकूंना कळणार. "यू'ल रुइन माय लाइफ."
"रागाव माझ्यावर," मी म्हटलं. "कितीही रागाव."
रडली. मीही. संत्रं सोललं, तिने तीन फोडी खाल्ल्या, पांढरी शीर न शीर काढून. बाकीच्या मी खाल्ल्या.
एवढं मोकळं बोलली म्हणजे मदत घेईल? की नुसतं मला गप्प करायला?

२२ एप्रिल, रविवार. घरी
अ. एअरपोर्टवर. हॉस्पिटलच्याच कपड्यांत. मिनूला मिठी मारली आणि त्याचा हात तिच्या पाठीवर थांबला. स्वेटरवरूनच. मग हळूहळू खाली सरकला, एकेका मणक्यावरून. मी त्याचा चेहरा बघत होते. रोज दहा पेशंट बघणारा माणूस.
गाडी टर्नपाइकवर दोनदा चुकीच्या लेनमध्ये नेली.

२६ एप्रिल, गुरुवार
फिलाडेल्फियाला एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये अशा मुलींसाठी वेगळा वॉर्ड आहे. अ.ने ओळखी काढून अपॉइंटमेंट मिळवली. तिथल्या डॉक्टरीणबाई तिच्याशी एकटीशी बोलल्या, मग आमच्याशी. अ‍ॅडमिट करा म्हणाल्या. हृदयाचे ठोके बघता घरी ठेवणं धोक्याचं. किती दिवस? सांगता येत नाही. बरी होईल ना? "बऱ्याच होतात."
बऱ्याच. परतीच्या रस्त्यावर हाच शब्द.
संध्याकाळी नंदाताईंचा फोन. "काय गं, रोम कसं होतं? फोटो घेऊन ये, सगळ्यांना दाखव." मी म्हटलं, रोल धुवायला टाकलाय. टाकलेला नाही. टाकणारही नाही इतक्यात.

२ मे, बुधवार
मिनूला सोडून आलो. बॅग तपासली, पळायचे बूट काढून आमच्या हातात दिले. पहिले काही दिवस भेटायचं नाही, फोनही नाही, असा त्यांचा नियम. लिफ्टची दारं बंद होताना ती बघत नव्हती. मुद्दाम.
बूट मागच्या सीटवर. अ.ने एकदाच आरशात पाहिले.

१० मे, गुरुवार
सोशल वर्करबरोबर मीटिंग. तरुण बाई. विचारते, तुम्ही घरी फार कडक आहात का? तुमच्या कल्चरमध्ये मुलींनी बारीक असावं असं असतं का? जेवायची सक्ती करायचात का? सगळे प्रश्न माझ्याकडे बघून. मी उत्तरं देत गेले, प्रत्येक उत्तर वाकडं वाटत गेलं. सक्ती केली म्हणावं तर चूक, नाही केली म्हणावं तर चूक.
शेवटी अ. बोलला. इंग्रजीत, शांतपणे. "माझ्या बायकोने मला मार्चमध्ये सांगितलं. मी डॉक्टर आहे आणि मी ऐकलं नाही. तुमचे पुढचे प्रश्न मला विचारा."
बाईने कागदावर काहीतरी लिहिलं. पार्किंग लॉटमध्ये मी त्याचा हात धरला.
आता फोनवर बोलता येतं. मिनू म्हणाली, "इट्स बोअरिंग." पुढे काही नाही. पण ठेवला नाही, मी ठेवेपर्यंत लाइनवर होती.

१७ मे, गुरुवार
वजन थोडं वाढलं होतं, मग उतरलं. कपातलं दूध झाडाच्या कुंडीत ओतताना नर्सने पकडलं. डॉक्टरीणबाई म्हणतात होतं असं, धीर धरा. मी लॅबमध्ये दोन प्लेट्सवर चुकीची लेबलं लावली. बॉस चांगला आहे, घरी जा म्हणाला. घरी जाऊन काय करू? फ्रीज उघडते, बंद करते.
नंदाताईंना सांगितलं. सगळं. वाटलं होतं सल्ले देतील. त्या म्हणाल्या, "मी तिला पाडव्याला काय बोलले गं." जाऊ दे म्हणवलं नाही मला.

२० मे, रविवार
आज पहिल्यांदा तिच्याबरोबर जेवलो. फॅमिली लंच म्हणतात. वॉर्डमध्येच एक छोटी खोली, गोल टेबल, तीन ट्रे. आत जायच्या आधी नर्सने नियम सांगितले. जेवणाबद्दल बोलायचं नाही. शाबास म्हणायचं नाही. सर्वांत महत्त्वाचं, तिच्या ताटाकडे बघायचं नाही.
महिनोन्‌महिने मी दुसरं काही पाहिलेलं नाही.
बसलो. मिनूच्या हनुवटीवरचा व्रण गुलाबी. केस मागे बांधलेले. तिच्यापुढे चिकन, बटाटा, पाव, दूध. व्हेजिटेरियनचं नाटक त्यांनी बंद केलंय. अ. गाडीच्या ट्रान्समिशनबद्दल बोलायला लागला. बोलतच सुटला. मेकॅनिक काय म्हणाला, आपण काय म्हटलं. मिनू एकदम म्हणाली, "बाबा, कुणालाच कळत नाहीये तू काय बोलतोयस," चक्क मराठीत. तो हसला. मीही. तिचंही ओठांचं टोक हललं, बहुतेक.
अ.ने पाण्याचा घोट घेतला. मी माझ्या बटाट्यात काटा घातला आणि खाल्ला. चव काय होती कोण जाणे.
मिनूने काटा उचलल्याचा आवाज आला. ट्रेवर किंचित खट्‌.
मी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. खाली रस्ता, एक बस थांबलेली, एक बाई बाळाची गाडी चढवायचा प्रयत्न करतेय, ड्रायव्हर मदतीला खाली उतरला. मी त्यांच्याकडेच बघत राहिले. बस निघून गेली तरी बघत राहिले.